पायाखालची फळी

आप्पासोंच्या टीव्हीवर वर्षभर मुंग्याच दिसल्या. पुण्याहून तो पेटारा आणून सोप्यात टेबलावर मांडला, माडीवर दोन कळक एकाला एक बांधून अँटेना चढवली, आष्ट्याचा मिस्त्री चार वेळा येऊन नुसता चहा पिऊन गेला. पण चित्र काही ह्या गावापर्यंत धड पोचलं नाही. एखाद्या संध्याकाळी कुणी बाई बातम्या सांगताना अर्धीमुर्धी दिसायची आणि पुन्हा मुंग्यांत बुडायची. तरी गावची माणसं यायची, घोंगड्यावर बसून मुंग्या बघायची आणि जाताना "लय भारी हाय" म्हणायची. कारखान्याच्या संचालकाचा टीव्ही, त्याला वाईट कोण म्हणणार!

म्हणून त्या एकोणऐंशी सालच्या चैत्रात, भैरोबाच्या जत्रेला धाकटा भाऊ बाळासो बोटीवरनं रजेवर आला आणि परदेशातनं आणलेला खेळ त्यानं टीव्हीला जोडला, तेव्हा तो पडदा पहिल्यांदाच काळाभोर आणि स्वच्छ झाला. दोन बाजूंना दोन पांढऱ्या पट्ट्या, मधोमध तुटक रेघ आणि इकडून तिकडं पळणारा एक ठिपका. खेळणाऱ्या दोघांच्या हातात एकेक डबी. डबीवरचं गोल बटण फिरवलं की आपली पट्टी वर-खाली सरकायची. येणाऱ्या ठिपक्याला पट्टी आडवी घालायची, चुकलं की समोरच्याला गुण, पंधरा गुण झाले की डाव संपला. ठिपका पट्टीवर आपटला की टक् असा आवाज निघायचा आणि त्या आवाजानं अख्खं घर खुळं झालं. म्हातारी आई अंबूबाईसुद्धा "मला बी फिरवू द्या की रं" म्हणत पोरांत जाऊन बसली.

विजयमाला तेवढी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड उभी होती. थोरल्या दिरासमोर सुनेनं सोप्यात थांबायचं नाही, ही ह्या घरची रीत. पदर पुढं ओढून यायचं, ताट ठेवायचं, परतायचं. बसायचं तर नावच नको. थोरली जाऊ धोंडुबाई आप्पासोंचीच बायको, म्हणून तिला भिंतीकडेला बसायची मुभा होती. विजयमालेला नव्हती आणि तिनं कधी मागितलीही नव्हती.

ती खेळ बघतच नव्हती म्हणा. ती बघत होती नवऱ्याकडं.

लालासाहेब नेहमीच्या खुर्चीत बसला होता. सदऱ्याच्या लांब बाह्या, त्यांची टोकं आत दुमडून टाके घातलेली. ते टाके तिनंच घातले होते. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीवर सुरुंग काढताना एक सुरुंग हातातच फुटला आणि दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत गेले. तेव्हापासून गावात जत्रा असो, शाळेचा झेंडा असो, मधल्या खुर्चीवर लालासाहेब. लोक गळ्यात हार घालायचे, दोन शब्द बोलायचे आणि खुर्चीसकट विसरून जायचे.

"मला दे रं बाळा," लालासाहेब एकदम म्हणाला.

बाळासोच्या हातातली डबी हातातच राहिली. अंबूबाई गडबडीनं उठली. "आदी जेवून घ्या बरं. रस्सा गार व्हायलाय."

"जेवतो. आदी खेळतो." त्यानं दाराकडं न बघताच हाक दिली, "ट्रंकंतनं काढ गं ते."

विजयमालेनं ट्रंकेतनं लोखंडी हात काढले. आकड्यांचे ते हात पुण्याला लष्करी दवाखान्यात बसवून दिले होते. उन्हाळ्यात चामड्याखाली घाम यायचा, कातडं सोलवटायचं, म्हणून तो ते घालायचा नाही. तिनं त्याच्या बाह्या वर सारून पट्टे आवळले, पदर सावरला आणि उंबऱ्याआड परतली. त्यानं आकडा बटणावर टेकवला. प्लास्टिकचं गुळगुळीत बटण ते. आकडा घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला आणि डबी पार टेबलाखाली गेली. आप्पासोंची धाकटी पोरगी फिसकन हसली. आप्पासोंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"तिला कशाला मारता आप्पा?" लालासाहेब म्हणाला. "हसण्यासारखंच झालं की." आणि उठून गोठ्याकडं गेला.

त्या दिवशी ती त्याला भरवायला बसली तर चार घासांत त्यानं तोंड फिरवलं. बोलला काहीच नाही. तसं तो बोलायचा कधी? "पाणी", "पुरे", "बटण लाव". आठ वर्षं ती ह्या माणसाचे हात होऊन राहिली होती आणि हातांशी कुणी गप्पा मारतं का? रात्रंदिवस ज्याच्या अंगाला आपलं अंग लागतं, तो माणूस आपल्याला दिसेनासा व्हावा, आपणही त्याला दिसू नये, ह्यापरता एकटेपणा नाही. आईबाप म्हसवडला, त्यांना काय सांगणार? "जावई कसं हायेत?" "बरं हायेत." एवढंच.

पूर्वी असं नव्हतं. लग्नानंतरच्या रजांमध्ये लालासाहेब पलटणीतनं पत्त्यांचा कॅट घेऊन यायचा. दुपारी घर निजलं की आतल्या खोलीत दार लोटून दोघं रमी खेळायची. त्यानंच शिकवली आणि तीच जिंकायची. मग तो चिडायचा, कुजबुजत भांडायचा, "पानं लपवलीस तू, रडीचा डाव हाय हा!" म्हणायचा आणि ती तोंडात पदर कोंबून हसायची. तो जखमी होऊन घरी आला त्याच दिवशी अंबूबाईनं तो कॅट चुलीत घातला. "त्येच्या डोळ्याम्होरं नको गं बाई, जीव तुटंल त्येचा." म्हातारीची माया खोटी नव्हती. पण पत्ते जळताना बघून तो काही बोलला नाही, हे विजयमालेनं बघितलं होतं. आणि आपणही बोललो नाही, हेही तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. गडी माणसं, पोरंबाळं सगळी तिकडं गेली, बाया मैदानाच्या कडेनं भरलेल्या बाजारात. मधल्या खुर्चीला माणूस हवं म्हणून आप्पासो दोनदा बोलवायला आले. लालासाहेब अंग दुखतंय म्हणून आडवा झाला. बाळासो ऊन लागतं म्हणून मागं राहिला. घर मोकळं झालं तशी विजयमाला शिलाई मशीनवर पोलकं शिवायला बसली. मशीनचं पायडल खाली-वर होत होतं. चवडा दाबला की पायडल पुढं, टाच दाबली की… तिचे पाय थांबले.

ती तशीच सोप्यात गेली. "भावजी, त्या डबीवरचं बटण हातानंच फिरवाय लागतं का वो?"

"मग कशानं फिरवणार वयनी?"

"पायानं."

बाळासो तिच्याकडं बघतच राहिला. मग तिनं दोऱ्याचं लाकडी रीळ त्याच्यासमोर धरलं, आणि दोरी कशी घ्यायची ते बोटानं हवेत दाखवलं. बोटीवरच्या फिटरला आणखी काय सांगायला लागतंय! त्यानं रीळ आतनं कोरलं, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आत घालून ते बटणावर गच्च बसवलं. डबी चौरंगाला खिळवली. एका फळीखाली मधोमध गोल दांडकं ठोकलं, म्हणजे फळी पुढं-मागं झुलायला लागली. फळीच्या पुढच्या टोकाची दोरी वर रिळाला एक वेढा घेऊन मागच्या टोकाला आली. पहिल्यांदा दोरी घसरली. मग रिळाच्या वरूनही रबर गुंडाळलं तेव्हा दोरीनं पकड धरली.

"आता फौजींना कोण उठवणार?" बाळासो हळूच म्हणाला. "काल माझ्याकडं बघितलं बी न्हाई त्यांनी."

विजयमालाच गेली. "आवं, जरा सोप्यात चला. पाय पायजे तुमचा."

"पाय?"

"व्हय. डावा, उजवा, कंचाबी चालंल."

तो आला, कपाळाला आठ्या घालून. फळीकडं बघितलं, दोरीकडं, रिळाकडं. खुर्चीत बसून पाय ठेवला आणि दाबला. पडद्यावरची पट्टी सरकली. त्यानं पुन्हा दाबला, टाचेनं, मग चवड्यानं. पट्टी वर-खाली धावायला लागली. त्याच्या तोंडावर काय आलं ते विजयमालेला धड बघवेना, ती दोरीच्या गाठीत डोकं घालून बसली.

"उलटं चालतंय हे," तो म्हणाला. "पाय खाली दाबला तर पट्टी वर जातीय."

"मग तुमी उलटा दाबा की."

"खेळणार मी का तू?"

"बांधली कुणी? मी का तुमी?"

बाळासो हसायला लागला. विजयमालेला मात्र एकदम लख्ख वाटलं. केवढ्या वर्षांनी हा माणूस तिच्याशी भांडला होता! तिनं दोरीची टोकं बदलून बांधली. मग चालतंय का बघायला म्हणून दुसरी डबी तिनं घेतली आणि घर मोकळं होतं तोवर दोघं खेळली. त्याचे बरेच ठिपके हुकले, तिचेही. बाहेरनं हलगीचा आवाज जवळ यायला लागला तशी ती उठून आत पळाली.

"संध्याकाळी दाखवतो एकेकाला," लालासाहेब म्हणाला. कुणाला म्हणाला ते माहीत नाही, पण म्हणाला.

आता इथं सगळं गोड व्हायला हरकत नव्हती. पण माणसं चांगली असली की भलताच घोळ घालून ठेवतात.

दिवेलागणीला आप्पासो स्वयंपाकघराच्या दाराशी आले. विजयमाला चुलीकडं तोंड करून उभी राहिली. आप्पासोंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण दबक्या आवाजात सांगितलं, "लाला खेळणार हाय आज. कुणी शानपणा करायचा न्हाई. त्याला जिंकू द्यायचं. पोरांस्नी बी सांगून ठेवा."

"देवच पावला," अंबूबाईनं हात जोडले. "जिंकू दे गं बाई माझ्या लेकराला."

"पण दादा, फौजींना कळंल की," बाळासो म्हणाला.

"कसं कळंल? चुकल्यासारखं चुकायचं. आठ वर्सांत पोरगं हसलं न्हाई, आणि तुझा खेळ त्याच्यापेक्षा मोठा हाय व्हय रं?"

बाळासोनं मान हलवली. विजयमालेच्या जिभेवर शब्द आला होता. पण थोरल्या दिराशी ती जन्मात बोलली नव्हती. तिनं भाकरी उलटली. ती करपली होती.

थोड्या वेळानं सोपा भरला. लालासाहेबानं पहिल्यांदा बाळासोला हरवलं. घरात टाळ्या झाल्या, अंबूबाईनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मग आप्पासोंच्या थोरल्या लेकाला हरवलं. उंबऱ्याआडून विजयमालेला नवऱ्याची मान दिसत होती. पहिल्या डावात ती ताठ होती. दुसऱ्या डावात जरा कलली, लालासाहेब कानोसा घेतल्यासारखा बघायला लागला. तिसऱ्या डावाला खुद्द आप्पासो बसले आणि बटण असं फिरवून धरलं की पट्टी तळाला जाऊन बसली. ठिपका वरनं आरामात निघून जात होता. "अरारा, चुकला की रं!" आप्पासो दर वेळी म्हणायचे. भाबडा माणूस, त्याला खोटंसुद्धा नीट बोलता येईना.

लालासाहेबानं फळीवरचा पाय काढून घेतला.

आता त्याची पट्टीही जागेवर थांबली. ठिपका तिला चुकवून जायला लागला आणि आप्पासोंचे गुण आपोआप वाढायला लागले. एक, दोन, तीन. आप्पासो घाबरले. गुण परत कसे करायचे ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हात पुढं करून टीव्हीच बंद केला.

"तापलाय टीव्ही," ते म्हणाले. "जरा गार होऊ दे."

"टीव्ही न्हाई तापला, आप्पा."

बाळासो खाली बघत होता.

"हरवा की रं मला कुणीतरी," लालासाहेब म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटत होतं. "गाव हार घालतंय, तुमी जिंकवताय. माझ्यासंगं खेळणारं एक माणूस न्हाई व्हय ह्या घरात?"

"असं का बोलतोस लाला? तुझ्यासाठनंच केलं की. तुला कोण हरवणार? तू सरहद्दीवर—"

"सरहद्दीवर हरलोच की मी, आप्पा! हात घालवून आलो. त्येच्यानंतर कुणी मला हरू बी देईना. मेल्यावानी वाटतंय मला, खुर्चीत बसवलेल्या मेल्यावानी." त्यानं फळी पायानं पलीकडं लोटली. "घाला चुलीत ही."

अंबूबाई रडायला लागली. रडत रडतच तिनं वाकून फळी उचलली. दोरी ताणली गेली, चौरंग सरकला. "नको रं बाबा, नको तुला तरास. हे बघ, घालते चुलीत, घालते."

म्हातारी फळी घेऊन चुलीकडं वळली आणि विजयमालेला त्या दिवशीचे पत्ते दिसले. काळे पडत वळणारे, एकेक राजा-राणी. तेव्हाही ती इथंच, ह्याच उंबऱ्याआड उभी होती.

तिनं उंबरा ओलांडला.

"आत्याबाई, द्या ती इकडं," ती म्हणाली आणि सासूच्या हातातनं फळी काढून घेतली. फळी नवऱ्याच्या पायाशी ठेवली, दोरी सारखी केली. मग पदर डोईवर नीट ओढला, आणि आप्पासोंच्या समोर, सगळ्यांच्या देखत, घोंगड्यावर बसली. दुसरी डबी उचलली.

धोंडुबाईच्या तोंडातनं "अगं बया!" एवढंच निघालं. आप्पासो उठून उभे राहिले. सून सोप्यात बसलेली ह्या घरानं कधी बघितली नव्हती आणि आप्पासोंना कुठं बघावं ते कळेना, म्हणून ते भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडं बघत राहिले.

"भावजी, टीव्ही लावा," विजयमाला म्हणाली. "ह्यांनी पाय ठेवला की सुरू करा."

लालासाहेब तिच्याकडं बघत होता. कितीतरी वेळ बघितलं त्यानं, आणि मग पाय फळीवर ठेवला.

टक्. टक्. सुरवातीचे गुण त्याचे. ती घाबरली होती. मग हात जाग्यावर आला. त्याची टाच जड होती, पट्टी खालून वर जायला वेळ घ्यायची. दुपारीच तिला ते कळलं होतं. तिनं ठिपका वरच्या कोपऱ्याकडं पाठवायला सुरवात केली. एक गुण. दुसरा. तो "च्यायला" म्हणाला. होता होता चौदा-चौदा बरोबरी झाली.

"अगं सोड की एखादा," अंबूबाई मागनं कळवळून पुटपुटली. "नवरा हाय तुजा."

विजयमालेला वाटलं, खरंच सोडावा. हा उठून गेला, गोठ्यात जाऊन बसला, उद्यापासून "पाणी", "पुरे" एवढंही बोलेनासा झाला तर? हे घर तिला माफ करणार नव्हतं. म्हसवडला परत जायचं तोंड नव्हतं. सोडला ठिपका तर काय बिघडणार? सगळ्यांनी सोडला होता, एक तिनंही. बटणावरची बोटं ढिली पडली. तेवढ्यात लालासाहेब पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, "सोडलास तर बघ."

तिनं सोडला नाही. वरच्या कोपऱ्यात मारला, पुन्हा वरच्याच कोपऱ्यात, आणि त्याची पट्टी बोटभर खाली राहिली. पंधरा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लालासाहेबानं पाय काढला, उठला आणि आत गेला. "लावलीस आग?" अंबूबाई म्हणाली. "झालं समाधान?" आप्पासो चपला घालून बाहेर पडले. एकेक करत सोपा रिकामा झाला. बाळासोनं तेवढं जाताना म्हटलं, "वयनी, बरोबर केलंसा," पण तेही हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. ती काळ्या पडद्यासमोर एकटीच बसून राहिली. मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण ते आता कुणाजवळ?

मग उठून तिनं ताट वाढलं. जेवायची वेळ झाली की हात हजर व्हायला पाहिजेत.

आतल्या खोलीत तो भिंतीला टेकून बसला होता. ती समोर बसली, भाकरी रश्शात कुस्करली. दिवसभराचा उपाशी आहे, त्यात हरला, असं मनात येऊन तिनं घास जरा मोठाच केला. त्यानं तो खाल्ला. दुसरा पुढं केला तेव्हा तोंड बाजूला घेतलं.

तिचा हात तसाच राहिला. झालं, ती मनात म्हणाली.

"घास बारीक कर," लालासाहेब म्हणाला. "हरलोय मी. जिंकल्याची जेवणावळ न्हाई ही."

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं मान वर केली. तो हसत नव्हता, पण तोंड वाकडं करून हसू दाबून धरलं होतं, रमी हरल्यावर धरायचा तसं.

"सारखं वरच्या कोपऱ्यात मारतीस," तो म्हणाला. "रडी कुठली."

"तुमची टाच दबत न्हाई त्याला मी काय करू?"

"दोरी सैल हाय ती. उद्या जरा ताण."

"ताणते."

"पानं लपवायचीस का गं तवा? खरं सांग."

"न्हाई वो. तुमी लय घाई करायचा टाकायला."

बाहेर जत्रेतले पाळणे उतरवत होते, त्याचा खडखडाट ऐकू येत होता. तिनं बारीक घास केला आणि त्याच्या तोंडाजवळ नेला. त्यानं तो लगेच खाल्ला नाही. बाहीची शिवलेली टोकं वर करून त्यानं तिचं मनगट दोन्हीकडनं धरलं, आणि कपाळ तिच्या त्या खरकट्या हातावर टेकवलं.

"इजा," लग्नानंतरची ती हाक मारून तो म्हणाला, "त्या दिवशी पत्ते जाळताना तू काय बोलली का न्हाईस?"

"तुमी बी कुठं बोलला?"

दोघंही रडली. भाकरी गार झाली. मग तिनं ताट जवळ ओढलं आणि राहिलेले घास भरवले, बारीक बारीक, त्यानं सांगितलं होतं तसे.